आईचा व्यवसाय : बेल्टची तुरपाई

दरवर्षी जून-जुलैमध्ये मी आमच्या मोहल्ल्यातल्या मुलामुलींना फॉर्म भरायला मदत करते. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, असे सगळेच. जन्मतारखेपाशी मुले अडतात, आधारवरच्या आडनावाच्या स्पेलिंगपाशी तर हमखास अडतात. 'आईचा व्यवसाय' या रकान्यापाशी मात्र कुणीच अडत नाही. तिथे 'गृहिणी' हे उत्तर ठरलेले असते. मी विचारते, "अम्मी घरी काही काम करते का?" उत्तर येते, "नाही, घरीच असते. फक्त बेल्टची तुरपाई करते, हुक लावते."

या 'फक्त'वर माझा आक्षेप आहे.

सोलापूरच्या ज्या भागात मी वाढले तिथे शाळेच्या गणवेशाचा माल घराघरांत येतो. सोलापूर हे गणवेशांचे मोठे केंद्र आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कापड कटिंग मास्टर कापतो, मशिनवर कारीगर शिवतो, आणि हाताने करायचे जे काही उरते ते गठ्ठा बांधून बायकांकडे येते. दोरे कापणे, काज-बटण, हुक, आणि मुलींच्या स्कर्टच्या कमरपट्टीची आतली बाजू हाताने तुरपणे. कमरपट्टीला कारखान्यात बेल्टच म्हणतात. मशिननेही ती आतून बंद करता येते, बहुतेक ठिकाणी तसेच करतात. पण मग वरून टीप दिसते. टीप दिसू नये असे गिऱ्हाइकाला वाटले की काम हाताकडे येते.

आता ही कमरपट्टी म्हणजे काय चीज आहे ते जरा नीट पाहू. ज्यांनी ती कधी शिवली नाही त्यांना ती कापडाची एक साधी पट्टी वाटते. पण अख्ख्या स्कर्टचे वजन तिच्यावर असते. मुलगी धावते, बसते, वाकते, दप्तर पाठीवर घेते, सगळा ताण कमरेवर येतो. म्हणून पट्टी कापडाच्या उभ्या ताण्यात कापायची. आडवी कापली तर थोडी ढिली पडते आणि उरेब कापली तर आठवडाभरात लोंबते. तयार पट्टी सव्वा इंच रुंद हवी असेल तर दुमडीसाठी तिच्या दुप्पट, म्हणजे अडीच इंच, आणि दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच दाब धरून साडेतीन इंच कापड घ्यावे लागते. लांबी म्हणजे कमरेचे माप, त्यात श्वासापुरती अर्धा-पाऊण इंचाची सूट, आणि एकावर एक येणाऱ्या टोकासाठी दीड इंच. आत बकरम. बकरम नसेल तर पट्टी दुसऱ्या धुण्यातच गोळा होते.

संपूर्ण बेल्ट हाताने लावायचा असेल तर आधी स्कर्टच्या चुण्या कच्च्या टाक्याने बसवून घ्यायच्या. मग स्कर्टचा घेर आणि पट्टी दोन्हींचे चार-चार भाग करून खडूने खुणा करायच्या आणि खुणेला खूण जुळवायची. हे न करता एका टोकाकडून शिवत सुटले की शेवटी एकीकडे कापड उरते आणि सगळ्या चुण्या मागच्या बाजूला गर्दी करतात. सुलट बाजू सुलटीवर ठेवून कडेपासून अर्ध्या इंचावर बखिया घालायचा. शाळेत शिवणाच्या तासाला याला उलटी टीप म्हणायचे. धावदोरा इथे चालत नाही, कारण धावदोऱ्याचा एक टाका तुटला की सगळी ओळ उसवत जाते. बखियात सुई प्रत्येक वेळी अर्धे पाऊल मागे येते आणि मग पुढे जाते, त्यामुळे प्रत्येक टाका मागच्या टाक्याने धरलेला असतो. एक तुटला तरी शेजारचे सांभाळून घेतात.

त्यानंतर दाब पट्टीच्या आत वळवायचा, टोके उलटी शिवून कोपरे सुईच्या अणीने बाहेर काढायचे आणि आतली कड दुमडून तुरपायची. सुईने फक्त आधीच्या शिलाईचा दोरा उचलायचा, वरच्या कापडाला भोक पडता कामा नये. दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की त्याच्या गाठी होतात आणि वाचवलेला वेळ दुप्पट जातो. मेणावरून ओढून घेतला तर तो गुंतत नाही. हुक लावताना दोन्ही नाकांना टाके घालायचेच, शिवाय त्याच्या चोचीखालीही दोन टाके. चोच मोकळी राहिली तर हुक उभा राहतो आणि पोटाला टोचतो. हुक कडेच्या थोडा आत, म्हणजे बंद केल्यावर तो दिसत नाही.

हे सगळे मला अम्मीने शिकवले. तिला कोणी शिकवले विचारले तर ती म्हणते, "उसमें शिकायचं काय आहे?" आमच्या घरात मराठी आणि दखनी अशीच एका वाक्यात नांदतात. पण तिचे उत्तर मला पटत नाही. मशिन चालवणाऱ्या पुरुषाला आपण कारीगर म्हणतो. बकरमच्या जाडीवरून सुईचा नंबर ठरवणाऱ्या, अंधुक उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा चालवणाऱ्या बाईच्या हातात तेवढीच कारागिरी आहे. तिला मात्र आपण 'घरीच असते' म्हणतो.

थोडा हिशेब करू. कमरपट्टी २८ इंचांची धरा. चांगल्या तुरपाईत इंचाला सहा टाके येतात, म्हणजे एका स्कर्टला १६८. डझनाला २,०१६. हुक, आकडे आणि दोरे कापणे वेगळे. बखियाही हाताने घालायचा असेल तर इंचाला आठप्रमाणे प्रत्येक पट्टीला आणखी २२४ टाके. सुई तिची, मेण तिचे, विजेचे बिल तिचे, बसायची जागा तिची, माल आणण्या-नेण्याची रिक्षा अनेकदा तिचीच. माल ओला झाला, उंदराने कुरतडला, तर नुकसानही तिचेच. कारखान्याचा जो जो खर्च असतो तो या व्यवस्थेत हळूच तिच्या उंबऱ्याआत ढकलला जातो. दर ठरवताना म्हटले जाते, "फावल्या वेळात तर करता." फावला वेळ! चार वाजता नळाला पाणी येते तेव्हा उठणाऱ्या, पाच माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या, सासऱ्यांच्या गोळ्या सांभाळणाऱ्या बाईला फावला वेळ असतो हा शोध कोणी लावला कोण जाणे. तो वेळ तिने झोपेतून कापून काढलेला असतो.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. जुम्म्याच्या बयानात आपण ती ऐकतो आणि माना डोलावतो. पण तीच मजुरी 'पुढच्या लॉटबरोबर देतो' म्हणून महिना-महिना लांबवणारा ठेकेदार बऱ्याचदा त्याच सफेत, दोन माणसे सोडून बसलेला असतो. त्याला कुणी काही बोलत नाही, कारण त्याच्या नजरेत ही मजुरीच नाही. बायकांना दिलेली मदत आहे. आपणही तसेच समजतो, म्हणून गप्प बसतो.

हा प्रश्न सगळ्याच गरीब बायकांचा आहे, पण आपल्या घरांत तो जास्त दाट आहे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी ७० टक्के आपल्या घरातच काम करतात. सर्व समाजांतल्या स्त्री-कामगारांचे एकत्रित प्रमाण ५१ टक्के होते. त्यामागे बरीच कारणे आहेत. शिक्षण सुटणे, कारखान्यांचे दर आपल्याला बंद असणे, वस्त्या गावाच्या कडेला ढकलल्या जाणे, येण्याजाण्याच्या रस्त्याची भीती. ही सगळी बाहेरची कारणे खरी आहेत आणि त्यांवर आपण बोलतोही. एक कारण मात्र घरातले आहे आणि त्यावर बोलताना आवाज खाली जातो. "आमच्या घरातल्या बायका बाहेर काम करायला जात नाहीत," हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. बायका काम करत नाहीत असे त्या वाक्यात कुठेही नाही, हे लक्षात घ्या. काम चालते, पैसा चालतो, फक्त ती बाहेर दिसता कामा नये. या इज्जतीची किंमत दर डझनामागे वळती होते. जी बाई चार घरे ओलांडून शेजारणीला काय दर मिळतो ते विचारू शकत नाही, तिला ठेकेदार सांगेल तो दर मान्य करावाच लागतो.

कुणी म्हणेल, घरबसल्या कामाला दुसरे काय होणार? याचे उत्तर शोधायला मला सोलापूरबाहेर जावे लागत नाही. आमच्याकडची विडी कामगार बाईसुद्धा घरीच काम करते. पाने, तंबाखू आणि दोरा कारखान्यातून घेते, घरी विड्या वळते, हजाराच्या हिशेबाने परत देते. बेल्टची तुरपाई करणारी आणि विडी वळणारी यांच्या कामाच्या रचनेत काडीचा फरक नाही. पण १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. १९७६ च्या कायद्यांनी विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला. त्यातून मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. भविष्य निर्वाह निधी आला, कार्ड आले. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती २००६ साली त्यांच्या ताब्यात आली. त्यामागे आडम मास्तर आणि लाल बावट्याच्या युनियनने काढलेले मोर्चे होते आणि त्या मोर्च्यांत चालणाऱ्या बायका होत्या. बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली, काही आपल्याही.

विडीच्या धंद्याचे गोडवे मला गायचे नाहीत. तंबाखूच्या धुळीने छाती भरलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि कायदा असूनही कार्डाविना राहिलेल्या बायाही पाहिल्या आहेत. माझा मुद्दा एवढाच, की 'घरात केलेले काम म्हणजे काम नव्हे' हा निसर्गाचा नियम नाही. एका धंद्यात तो मोडला गेला आहे, तोही आपल्याच गावात.

अहमदाबादला तर तो शिवणाच्याच धंद्यात मोडला गेला. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही संघटना युनियन म्हणून नोंदवायला नेली तेव्हा अधिकाऱ्यांची अडचण अशी होती की या बायकांना मालकच नाही, मग युनियन कोणाविरुद्ध? 'सेवा'चे म्हणणे होते, युनियन कुणाविरुद्ध असलीच पाहिजे असे नाही, ती कामगारांसाठी असते. नोंदणी झाली. पुढे दरियापूर भागात गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका 'सेवा'त आल्या. त्या बहुतांश मुस्लिम होत्या आणि व्यापाऱ्याकडून चिंध्या आणून घरी शिवायच्या. दर वाढवून मागितल्यावर व्यापाऱ्यांनी त्यांना काम देणे बंद केले. तेव्हा त्यांनी स्वतःच चिंध्या विकत घेऊन खोळी विकायला सुरुवात केली आणि त्यातून 'सबीना' ही सहकारी संस्था उभी राहिली. दरियापूरच्या त्या बायका काही पडदा फेकून रस्त्यावर आल्या नव्हत्या. त्यांनी एकमेकींचा दर विचारला होता.

कायद्याचे बोलायचे तर तोही अगदी कोरा नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या व्याख्येतच 'आउटवर्कर' होती, म्हणजे जिला माल देऊन बाहेर काम करवून घेतले जाते ती व्यक्ती. नगावर काम करणाऱ्याची मजुरी ठरलेल्या किमान रोजापेक्षा खाली जाऊ नये, असेही त्यात होते. तो कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावून घेतला गेला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरून काम करणारा कामगार' याची वेगळी व्याख्या आहे. साधने मालकाने दिली की नाही याने तिथे फरक पडत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली गृहकामाविषयी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. म्हणजे कागदावर थोडे आहे, बरेच नाही. आणि जे आहे तेही ती बाई कामगार आहे असे आधी कुणीतरी म्हटल्याशिवाय हलत नाही. ते सर्वांत आधी तिच्या घरातल्यांनी म्हणायला हवे.

मला भेटणाऱ्या मुली एक भीती बोलून दाखवतात. दराचा विषय काढला तर ठेकेदार गठ्ठा दुसऱ्या गल्लीत देईल. ही भीती काल्पनिक नाही. तो देईल. दरियापूरमध्येही तेच झाले होते. शिवाय ठेकेदारही फार मोठा माणूस नसतो. वरून त्याला ठरावीक दर येतो, त्यातून तो आपला वाटा काढतो, आणि वरचा व्यापारी त्याचेही पैसे अडकवतो. म्हणून एकट्या अम्मीने जाऊन भांडावे असे मी कुणाला सांगणार नाही. गल्लीतल्या दहाजणींना आज काय दर मिळतो हे एका कागदावर आले, तर पुढे काय करायचे ते त्याच ठरवतील. आपण त्यांच्या वतीने पुढारी व्हायची गरज नाही. पण लिहिता-वाचता येणारी, मोबाईल हाताळणारी मुले त्या घरांत आहेत. तुम्हीच आहात. एक वही घाला. तारीख, किती डझन आले, कधी दिले, दर काय, पैसे कधी मिळाले. मोबाईलवर वेळ लावून एक डझन तुरपायला किती लागतो ते एकदा मोजा. तासाला किती पडले ते काढा आणि तो आकडा जेवताना घरात मोठ्याने वाचा. अब्बा आणि भाई काय म्हणतात ते ऐकण्यासारखे असते.

मुलांना, म्हणजे मुलग्यांना, एक वेगळी सूचना. स्वतःच्या बहिणीच्या स्कर्टचा एक बेल्ट हाताने लावून पाहा. सगळा, चुण्यांपासून हुकापर्यंत. हसू नका. हुजूर पैगंबर आपले कपडे स्वतः शिवत, चपला स्वतः दुरुस्त करत, हे हजरत आयेशांनी सांगितलेले आहे आणि आपण ते साधेपणाचे उदाहरण म्हणून भाषणात वापरतो. सुई हातात घ्यायला मात्र लाजतो. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश या चामडे कमावत, शिवत आणि त्या कमाईतून सदका देत. त्यांच्या त्या कमाईला कुणी 'फक्त' म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. पहिल्या वीस मिनिटांत बोटाला तीनदा सुई टोचेल, अंगुस्ताना का लागतो ते समजेल, आणि अर्ध्या पट्टीवर मान दुखायला लागेल. मग डझनाचा दर आठवा.

ई-श्रम पोर्टल २०२१ पासून सुरू आहे. नोंदणीला पैसे लागत नाहीत, १६ ते ५९ वय चालते, भविष्य निर्वाह निधीची सदस्य नसलेली आणि आयकर न भरणारी कुणीही असंघटित कामगार नोंदणी करू शकते, आणि व्यवसायाच्या यादीत शिवणकाम आहे. बारा अंकी नंबर मिळतो. त्याने उद्या घर मिळेल असे मी सांगत नाही. पण सरकारी यादीत एक शिवणकामगार वाढते.

आणि २०२७ साली जनगणना आहे. २०११ च्या जनगणनेत प्रगणकांनी प्रत्येक व्यक्तीबद्दल विचारायचा एक प्रश्न होता, की गेल्या वर्षभरात तिने कधी काम केले का. कितीतरी घरांत तो प्रश्न दारात उभ्या असलेल्या पुरुषाला विचारला गेला आणि त्याने आतल्या बाईकडे न बघताच 'नाही' सांगितले. या वेळी प्रगणक येईल तेव्हा घरात तुम्ही असाल तर दारात अम्मीला येऊ द्या. ती संकोचली आणि "घरीच असते" म्हणाली, तर मागून तिला आठवण करा, की काल रात्री साडेअकरापर्यंत तिने दोन डझन बेल्ट तुरपले आहेत, आणि गठ्ठा अजून पलंगाखालीच आहे.